लांबादा : रडवणारे शब्द, नाचवणारी चाल

‘काओमा’ या फ्रेंच गटाचं १९८९ सालचं ‘लांबादा’ बहुतेकांनी नाचाचं गाणं म्हणूनच ऐकलेलं असतं. समुद्र, ऊन, गरगर फिरणारे घागरे, आणि एकदा कानात शिरला की दिवसभर हटत नाही असा सूर. शब्द पोर्तुगीज, म्हणून अर्थाच्या वाटेला फारसं कुणी जात नाही. पण पहिलीच ओळ काय सांगते बघा : ज्याने कधीकाळी मला नुसतं रडवलं, तो आज रडत निघून गेला. आणि लगेच पुढे : जे प्रेम त्याला जपता आलं नाही, त्याच्या आठवणीने तो रडत असेल. हे विरहगीत आहे. नाचाच्या ठेक्यावर बसवूनही त्यातलं दुःख जराही पातळ झालेलं नाही, आणि या गाण्याची खरी कमाल तीच आहे. गाण्याची कुठली प्रत ऐकावी, व्हिडिओत काय बघावं, वाजवायला किंवा नाचायला घेतलं तर घोळ कुठे होतो, हे ठरवताना हीच गोष्ट धरून चालावं लागतं.

आधी चाल. सुरुवातीला अकॉर्डियनच्या कुळातला, भात्यातून निघणारा सूर एकटा येतो आणि गायिका तोंड उघडण्याआधीच सगळी चाल सांगून टाकतो. ही चाल पंचमावर उभी राहते आणि पायरी पायरीने खाली उतरते : मध्यम, कोमल गंधार, रिषभ, षड्ज. पुढच्या तुकड्यात ती षड्जाच्याही खाली जाते. ओळ वर चढून संपत नाही, ती उतरतच विसावते. सुस्कारा टाकताना आवाज जसा घसरतो तसा हा उतार आहे, त्यामुळे शब्द न कळणाऱ्यालाही काहीतरी हरवल्याचं जाणवतं. चाल इतकी सरळ आहे की पेटीवर बोट ठेवणाऱ्यालाही पाच-दहा मिनिटांत सापडेल. कोमल गंधाराच्या जागी शुद्ध गंधार लागला तर मात्र सगळं गाणं क्षणात सहलीचं होऊन जातं. एकदा मुद्दाम तसं वाजवून पाहावं. एका सुराने किती फरक पडतो ते तिथे कळतं.

खाली चालणारा ठेका या उताराच्या उलट स्वभावाचा आहे. लय मिनिटाला साधारण १२० ठोक्यांच्या आसपास. केरव्याच्या आठ मात्रा मोजायची सवय असेल तर त्या आठांचे तीन, तीन आणि दोन असे तुकडे पाडून ऐकावं. तालवाद्यांचा तिरकेपणा लगेच पकडता येतो. कॅरिबियन बेटांवरच्या झूक संगीतातही हेच तुकडे सापडतात, आणि काओमात तिकडचे वादक होते : बास वाजवणारे चिको द्रू मार्तिनीकचे, गिटारवाले जॅकी आर्काँत ग्वादलूपचे. म्हणून ब्राझीलच्या नावाने खपलेल्या या गाण्याच्या कमरेत अँटिल्सची, म्हणजे याच कॅरिबियन बेटांची, लचक आहे. चाल खाली ओढते आणि ठेका पुढे ढकलतो. ऐकणाऱ्याला या दोन ओढींच्या मधे उभं राहावं लागतं, म्हणून साडेतीन मिनिटांत कंटाळा येत नाही, जरी चालीत तुकडे मोजून दोन-तीनच असले तरी.

आता लोआल्वा ब्राझ यांचा आवाज. रिओ दे जानेरोच्या या गायिकेचा आवाज खालच्या पट्टीत भरदार आहे, त्याला किंचित धुरकट कड आहे. त्या कुठेही रडून गात नाहीत. सूर सरळ लावतात, टोकाला फारसा हलवत नाहीत, ओळ संपली की सोडून देतात. जे घडलं ते पचवून बसलेली बाई बोलते तसं हे गाणं आहे. ‘ती आठवण तो जाईल तिथे त्याच्याबरोबर असेल’ ही ओळ आधी त्याच्याबद्दल येते आणि मग तीच स्वतःबद्दल येते : मी जाईन तिथे कायम माझ्याबरोबर असेल. एक-दोन शब्दांचा हा फरक आहे, आणि आवाजात त्यासाठी वेगळा जोर दिलेला नाही. तसा तो दिला असता तर गाणं नाटकी झालं असतं. शेवटच्या कडव्यात नाच, सूर्य आणि समुद्र हे सगळं नजरेत साठवून ठेवीन, असं ती म्हणते, आणि हे प्रेम एका दिवसापुरतं, एका क्षणापुरतं राजा होतं, असंही म्हणते. लांबादा नाचत राहीन ते हे आठवत, हा या कडव्याचा धागा आहे. म्हणजे नाच कुठून आला त्याचं उत्तर गाण्यातच आहे. ती विसरायला नाचत नाही, आठवायला नाचते.

गाणाऱ्यांसाठी उच्चाराबद्दल दोन शब्द, कारण वाद्यवृंदांत सर्वांत जास्त घसरगुंडी इथेच होते. पहिला शब्द ‘चोरांदो’ नाही, ‘शोरांदु’ आहे. पोर्तुगीजमध्ये ch या अक्षरजोडीचा उच्चार श होतो आणि शेवटचा ओ जवळजवळ उ होतो. ‘फोइ’ (गेला) एका झटक्यात, ‘फो-ई’ असं ताणून नाही. दिवस या अर्थाचा शब्द ब्राझीलच्या बऱ्याच भागांत ‘जीआ’ असा ऐकू येतो. ‘केंइ’ (जो) या शब्दातला अनुस्वार नाकात ठेवावा, म वर ओठ मिटू नयेत. एवढं सांभाळलं तरी गाणं पुष्कळ खरं वाटू लागतं. शब्द देवनागरीत लिहून घेताना मूळ स्पेलिंगवरून लिहू नये. ऐकून लिहावं.

वाजवणाऱ्यांच्या चुका ठरलेल्या आहेत. पहिली चूक लयीची : कार्यक्रमाच्या उत्साहात गाणं १३० च्या वर जातं आणि उताराला श्वास उरत नाही. चाल धापा टाकायला लागते, आणि नाचणाऱ्यांना तर कंबर वळवायलाही वेळ मिळत नाही. दुसरी चूक कीबोर्डवरच्या अकॉर्डियनची. भात्याचा सूर आरंभी थोडा दबलेला असतो, मधे फुगतो आणि भात्याची दिशा बदलताना कणभर तुटतो. कीबोर्डवर सूर दाबला की तो पहिल्या क्षणापासून शेवटपर्यंत एकाच जाडीचा राहतो, म्हणून कानाला पत्र्यासारखा लागतो. उपाय साधा आहे. व्हॉल्यूमचं पेडल पायाखाली घ्यावं, प्रत्येक ओळ हलक्या पायाने सुरू करावी, आणि ओळींच्या मधे अगदी थोडी फट ठेवावी. तिसरी चूक खालच्या ड्रमची. आजकाल प्रत्येक ठोक्यावर जड धमाका टाकायची सवय झाली आहे. त्यामुळे तीन-तीन-दोनचा तिरकेपणा चेपला जातो आणि लांबादाची कवायत होते. खालचा ड्रम थोडा मागे घ्यावा, वरची तालवाद्यं पुढे आणावीत.

गाणं आलं कुठून हे सांगितल्याशिवाय परीक्षण प्रामाणिक होणार नाही, कारण इथे एक डाग आहे. ही चाल मुळात बोलिव्हियाची. कोचाबांबाकडच्या ‘लोस कार्कास’ या गटाने १९८१ मध्ये ती ‘योरांदो से फुए’ या नावाने स्पॅनिशमध्ये ध्वनिमुद्रित केली. रचना उलिसेस आणि गोंसालो एर्मोसा या भावांची. त्यांच्या प्रतीत अँडीज पर्वतातली बांबूच्या नळ्यांची सांपोन्या आहे, चारांगो नावाचं छोटं तंतुवाद्य आहे. लय संथ आहे आणि दुःख झाकलेलं नाही. १९८४ मध्ये पेरूच्या ‘क्वार्तेतो काँतिनेंताल’ने त्याला अकॉर्डियन आणि नाचाची गती दिली. आज कानात बसलेला चेहरा तिथे तयार झाला. १९८६ मध्ये ब्राझीलच्या मार्सिया फेरेरा यांनी जोझे आरी यांच्यासह त्याचे पोर्तुगीज शब्द केले आणि रीतसर परवानगीने ते गायलं. काओमाच्या निर्मात्यांनी जवळजवळ हेच शब्द आणि हाच साज उचलला, आणि १९८९ च्या तबकडीवर रचनाकार म्हणून ‘चिको दे ओलिव्हेरा’ हे नाव छापलं. हे टोपणनाव होतं. त्यामागे फ्रेंच निर्माते ऑलिव्हिए लोर्साक होते. एर्मोसा बंधूंनी दावा लावला आणि रचना त्यांचीच असल्याचं मान्य करावं लागलं.

हे क्षुल्लक नाही. गाणं जगभर वाजत होतं, फ्रान्समध्ये १२ आठवडे पहिल्या क्रमांकावर होतं, ब्रिटनमध्ये चौथ्या क्रमांकापर्यंत पोचलं, तेव्हा ज्यांच्या घरात ते जन्मलं त्यांचं नाव तबकडीवर नव्हतं. त्या उन्हाळ्यात फ्रान्सची टीएफ-वन वाहिनी आणि ओरांजिना हे पेय यांनी गाण्याचा प्रचार जोरात केला होता. इतक्या गाजावाजात एका ओळीचं श्रेय द्यायला जागा नव्हती असं कोण म्हणेल? काओमाच्या वादकांचं आणि लोआल्वा ब्राझ यांचं काम यामुळे कमी होत नाही. त्यांनी जे गायलं-वाजवलं ते उत्तमच आहे. पण गाण्याचं कौतुक करताना ते ‘काओमाने रचलं’ असं म्हणू नये. १९९० नंतरच्या अनेक प्रतींवर एर्मोसा नाव दिसतं. २०११ मध्ये गायिका जेनिफर लोपेझ यांनी रॅपर पिटबुलबरोबर ‘ऑन द फ्लोर’ या गाण्यात हीच चाल घेतली तेव्हाही श्रेयनामावलीत ते होतं.

आता व्हिडिओ. जून १९८९ मध्ये ब्राझीलच्या बाहिया राज्यात, त्रांकोझोच्या कोकोस किनाऱ्यावर त्याचं चित्रण झालं. त्याच भागात पोर्तो सेगुरो हे लांबादा नाचण्याचं ठिकाण म्हणून त्या वर्षांत प्रसिद्ध झालं होतं, तेव्हा जागेची निवड अचूक आहे. नारळाची झाडं, वाळू, गवती छपराखालची जागा, आणि घोळका करून नाचणारे तरुण. कथा छोटीशीच आहे. दहा-अकरा वर्षांचा एक काळा मुलगा आणि एक सोनेरी केसांची मुलगी एकत्र नाचतात. एका मोठ्या माणसाला ते खपत नाही. तो रागाने मुलीला बाजूला काढतो. मुलगा एकटा पडतो. मग गायिका स्वतः पुढे होते, त्या माणसाला समजावते, त्यालाच नाचात ओढते, आणि मुलं परत एकमेकांसमोर येतात. ही दोघं चिको आणि रोबेर्ता. पुढे त्यांनी याच नावाने जोडीने गाणीही ध्वनिमुद्रित केली.

गाण्यातल्या दुःखाला या कथेत जागा कुठे आहे? नीट पाहिलं तर एका ठिकाणी आहे, आणि तिथेच व्हिडिओ उंचावतो. मुलगी बाजूला काढली जाते आणि मुलगा बघत उभा राहतो, त्या काही क्षणांत ‘रडत निघून गेला’ हे शब्द लहान मुलाच्या चेहऱ्यावर येऊन बसतात. मागे ठेका चालूच असतो, कोणी थांबत नाही. एकाचं मन मोडलेलं असताना भोवती नाच चालू असतो, ही या गाण्याची बांधणी चित्रातही तशीच आली आहे. गोष्टीचा शेवट गोड केला आहे. गाण्याचा शेवट तसा नाही, तिथे परत भेट होत नाही. ही तडजोड खटकते, तरी समजूत घालायला गायिकाच पुढे येते हे फार बरं केलं आहे. तोवर ती फक्त गात असते, इथे ती कथेत उतरते. ज्या बाईला प्रेम न जपण्याची किंमत माहीत आहे, तीच दुसऱ्यांचं जपायला धावते, असा अर्थ आपोआप लागतो. काळ्या-गोऱ्या मुलांना वेगळं काढण्याची ही गोष्ट व्हिडिओत एक शब्दही न बोलता सांगितली आहे, आणि जगाच्या कुठल्याही कोपऱ्यात ती कळते.

उणं काय? मोठ्या नर्तकींवर कॅमेरा पुष्कळ वेळा कमरेच्या उंचीवर रेंगाळतो. घागरा उडण्यासाठीच तो तिथे लावला आहे हे लपत नाही. त्यामुळे पायांचं काम, जे या नाचाचं मर्म आहे, बऱ्याचदा चौकटीबाहेर जातं. शिवाय मुलांना जवळिकीचा नाच नाचायला लावणं यावर आजचा प्रेक्षक थबकेल, आणि त्याने थबकावंच. दोघांचे पाय खरोखर तयार आहेत आणि त्यांच्यातला निरागसपणा टिकून आहे, हे मात्र मान्य करावं लागतं. इंटरनेटवर या व्हिडिओच्या पुष्कळ प्रती सापडतात. काही रुंद पडद्यासाठी ताणलेल्या आहेत, त्यात माणसं बुटकी-रुंद दिसतात. जवळपास चौरस चौकटीतली प्रत निवडावी. चित्र त्या काळच्या टीव्हीसाठीच काढलेलं आहे.

व्हिडिओ बघून नाच शिकायला जाणाऱ्यांनी थोडं सांभाळावं. लांबादा या पोर्तुगीज शब्दाला चाबकाच्या फटकाऱ्याचा अर्थ आहे, आणि अंगातून जाणारी लाट तशीच असावी लागते : गुडघ्यातून निघते, कमरेत वळते, छातीतून वर जाते. शिकाऊ लोक उलट करतात. खांदे हलवतात आणि कंबर मागून ओढत आणतात, त्यामुळे नाच हिसक्यांचा दिसतो. गुडघे सतत थोडे वाकलेले, वजन पावलाच्या पुढच्या भागावर, पाय किंचित कमानीत. मोजणी चार ठोक्यांची : पहिलं पाऊल दोन ठोके खातं, पुढची दोन एकेक ठोक्याची. सावकाश, झटपट, झटपट. मूळ नाचात जोडी प्रामुख्याने डावी-उजवीकडे सरकते आणि वळते, पुढे-मागे फारशी जात नाही. जोडीदार इतके जवळ असतात की पुढे-मागे गेल्यास गुडघ्याला गुडघा आपटतो. पहिले काही दिवस संगीत न लावता नुसती मोजणी करावी. मग गाणं लावायचं तर लय सुमारे शंभरावर आणून घ्यावी. आजच्या बऱ्याच प्लेअरमध्ये स्वर न बदलता गती कमी करता येते.

डोकं गरगर फिरवण्याची जी लकब व्हिडिओमुळे गाजली, ती सर्वांत शेवटी शिकावी. फिरवायची ती मान नाही. वरचं धड वर्तुळात फिरतं आणि डोकं त्याच्यामागून येतं, केस उडतात ते त्यामुळे. नुसती मान फिरवली तर दुसऱ्या दिवशी ती वळणार नाही, आणि चक्कर येऊन तोल जाण्याची भीती वेगळीच. मागे झुकण्याच्या हालचालीत जोडीदाराचा हात कमरेच्या वर, पाठीच्या मधोमध असावा. तो कमरेवर राहिला तर सगळा भार मणक्याच्या खालच्या भागावर येतो. वाळूत पाय रुततो, म्हणून तिथे गिरकी आपोआप मंद होते. गुळगुळीत फरशीवर तीच गिरकी दुप्पट वेगाने निघते, तेव्हा रबरी तळव्याचे बूट नकोत. ते फरशीला चिकटतात आणि गुडघा पिळला जातो. कातडी तळवा किंवा अनवाणी पाय बरे. घागरा पूर्ण घेराचा आणि हलक्या कापडाचा असावा. जाड कापड उडतच नाही, पायात येतं.

ध्वनिमुद्रण शोधताना ‘वर्ल्डबीट’ हा काओमाचा १९८९ चा संग्रह शोधावा. ‘लांबादा’ नावाने नव्याने गायलेल्या, नक्कल केलेल्या आणि वेग वाढवलेल्या प्रतींचा इतका सुळसुळाट आहे की पहिल्यांदा जी मिळते ती बहुधा भलतीच असते. ओळखायची खूण म्हणजे सुरुवातीचा तो भात्याचा सूर, त्यातले श्वास, आणि लोआल्वा ब्राझ यांचा खालचा, घाई नसलेला आवाज. १९ जानेवारी २०१७ रोजी रिओ दे जानेरो राज्यातल्या साकारेमा इथे त्यांची हत्या झाली. तो आवाज आता फक्त ध्वनिमुद्रणातच उरला आहे, तेव्हा नक्कल सोडून मूळ प्रत गाठण्याचे कष्ट घ्यावेत.

पहिल्यांदाच ऐकणाऱ्याने क्रम असा ठेवावा : आधी लोस कार्कास, मग क्वार्तेतो काँतिनेंताल, मग मार्सिया फेरेरा, आणि शेवटी काओमा. चारही मिळून पंधरा मिनिटांच्या आसपास जातील. हेडफोन लावून बसावं, व्हिडिओ बंद ठेवावा. सांपोन्याच्या फुंकरीतून अकॉर्डियनच्या भात्यात तोच उतार कसा शिरतो ते ऐकावं. दोन्हीकडे वाऱ्यानेच सूर निघतो, म्हणून चाल वाद्य बदलूनही परकी झाली नाही. व्हिडिओ त्यानंतर लावावा.